टाकीला थंडी वाजते

डहाणूला लोक चिकू खायला जातात, कुणी समुद्रावर जाऊन बसतात, कुणी चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला. मी २०१९च्या जानेवारीत गेले ती एक टाकी परत आणायला. आता ती टाकी पुण्यात आमच्या कॉलेजच्या स्टोअररूममध्ये मोडक्या स्टुलांच्या शेजारी उभी आहे आणि येता-जाता मला दिसते. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहून टाकावं.

मी रसायनाच्या प्रयोगशाळेत काम करते. नारळाच्या करवंट्यांचा कोळसा करायचा आणि तो वाफेत पुन्हा भाजून आतून पोखरायचा, हे माझं काम. त्याला इतकी बारीक भोकं पडतात की चमचाभर कोळशाच्या आतल्या भिंती उलगडून पसरता आल्या तर शाळेचं मैदान भरावं. शेणाच्या, कुजक्या फळांच्या गॅसमधला जो जळणारा भाग, मिथेन, तो या भोकांत शिरून भिंतींना चिकटून बसतो. नुसत्या टाकीत तेवढा गॅस कोंबायचा तर भयंकर दाब लागतो. कोळसा भरलेल्या टाकीत बऱ्याच कमी दाबात भागतं. हे मी घरी कितीदा समजावलं असेल, पण आईचं एकच, ‘पोरगी एवढी शिकली आणि कोळसेवाली झाली.’

आमच्या अशा काही टाक्या झाईच्या एका चिकूवाडीत वापरून बघायला दिल्या होत्या. आदल्या नोव्हेंबरपासून तिकडे, डहाणू-तलासरी भागात, जमीन हादरायला लागली. रोज पेपरात बातमी. आमच्या विभागप्रमुखांचा धीर सुटला. ‘भूकंपात गॅसच्या टाकीचं काही बरंवाईट झालं तर आतला कोळसा कोण बघणार आहे? कॉलेजचं नाव छापून येईल,’ असं म्हणून त्यांनी टाक्या परत मागवल्या. बाकीच्या आल्या. एक काही येईना. मग सर म्हणाले, ‘तुम्हीच जाऊन घेऊन या.’ उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना बरं जमतं. मला प्रवासाचा मनापासून कंटाळा, बाहेरचं पाणी सोसत नाही, आणि जमीन हलते तिथे जायची हौस तर कुणालाच नसते. पण आलिया भोगासी म्हणून निघाले.

झाई, बुधवार

डहाणू रोडला उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी एसटी पकडली. एका बाजूला सुरूची झाडं आणि मागे राखाडी समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. चिकूचं झाड मला आधीपासूनच उदास वाटतं. गडद, दाट, खाली कायम सावली, फळसुद्धा मातीच्या रंगाचं. घोलवडच्या पुढे बसमधल्या बायका मराठीत सुरू केलेलं वाक्य गुजरातीत संपवायला लागल्या आणि तिकीट काढणारा तिसऱ्याच बोलीत त्यांची थट्टा करत होता. झाई हे महाराष्ट्राचं शेवटचं गाव. पुढे गुजरात.

वाडीचे मालक मोरेश्वरभाऊ स्टॉपवर घ्यायला आले होते. साठीचे, उंच, बोलायला मऊ. झाडाखाली पडून फुटलेले चिकू आणि गोठ्यातलं शेण यांच्यावर त्यांनी गोबरगॅसचा घुमट बांधला आहे. तिथला गॅस धुऊन, गाळून आमच्या टाकीत भरायचा, अशी योजना.

‘टाकी कुठाय?’ मी दारातच विचारलं.

‘अहो ताई, आधी चहा तर घ्या. टाकी जेठीबाईकडे आहे, रांधायला दिली होती. आमच्याकडे फळं वेचायला येते ती. तलासरीच्या अलीकडे तिचा पाडा.’

‘मग मागवून घ्या ना.’

‘मागवली होती. ती देत नाही. मला तिच्याशी भांडवत नाही. तुम्ही बघा.’

रात्रीच्या जेवणाला वहिनींनी उकडहंडी केली होती. कोनफळ, रताळी, वालपापडी, छोटे बटाटे, सगळं मडक्यात ओल्या मसाल्यात शिजवलेलं. आमच्या पुण्याच्या भोगीच्या भाजीची ही गावाकडची थोरली बहीण म्हणावी. तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि तेवढ्यात खालून धम्म असा आवाज आला, जमिनीखाली कुणी पोतं टाकल्यासारखा. फडताळावर एकावर एक उपडे ठेवलेले दोन पेले किणकिणले. वहिनी वाढता वाढता थांबल्या, पेल्यांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, ‘लहान होता. घ्या, ताक घ्या.’ झोपताना मी चपला उशाशी ठेवल्या आणि पेल्यांचा कानोसा घेत पडून राहिले.

पाडा, गुरुवार

दुसऱ्या दिवशी चिकूच्या रिकाम्या खोक्यांच्या टेंपोत पुढे बसून पाड्यावर गेले. समुद्र मागे पडला की पाऊण तासात प्रदेश असा बदलतो की वाटतं, हा तोच तालुका नव्हेच. कापलेली भाताची खाचरं, करडे डोंगर, ताडाची झाडं. शाळा झाडाखाली भरलेली. घरांच्या कुडाच्या भिंतींचं लिंपण गळून पडलेलं, आणि प्रत्येक घरासमोर, घराला पाठ करून, एक तंबू. लोक स्वतःच्या अंगणात पाहुण्यासारखे राहत होते. गप्पा कमी. कुणी काही बोललं तरी ते खालच्या आवाजात, जमीन ऐकेल अशा बेताने.

जेठीबाई त्या दिवशी मुद्दाम घरी थांबली होती. सुकलेली, बुटकी, डोळे मात्र तरतरीत. मला बघून म्हणाली, ‘टाकीवाली म्याडम ना? बसा. पाणी उकळलेलं हाय, प्या.’ माझ्या पोटाची कीर्ती मोरेश्वरभाऊंनी आदल्या संध्याकाळीच पोचवली असावी.

तंबूत तिची सून सुरेखा होती, आणि तिच्या कुशीत पंधराएक दिवसांची मुलगी. मूठ गालाशी धरून झोपलेली, कपाळाला केवढी थोरली तीट. तंबूच्या तोंडाशी गॅसची शेगडी. आणि तिच्या बाजूला गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी उभं, त्याला वरून दोरी बांधलेली. त्याच्या पायाशी मातीचं खापर, आणि खापरात लालबुंद निखारे.

मी गोधडीचं टोक उचललं. आत माझी टाकी!

‘अगं बाई! जेठीबाई, हे काय केलंत? गॅसच्या टाकीला निखारे?’ मी ओरडले. बाळ दचकून रडायला लागलं. मी ते खापर फडक्याने धरून पळत पळत खाचरात नेऊन उपडं केलं. हात भाजला तो वेगळाच. परत आले तर जेठीबाई शांतपणे उभी.

‘थंडी वाजते तिला,’ ती म्हणाली.

‘कुणाला?’

‘टाकीला. चूल पेटली की अंग गार पडतं तिचं, घाम येतो, मग जाळ मरतो. बाळंतीण कशी कुडकुडते, तशी. शेक दिला की पुन्हा येतो जाळ.’

कोळशाला चिकटलेला गॅस सुटताना कोळशातली ऊब घेऊन जातो, हे खरंच आहे. टाकी गार पडते, बाहेरून दव धरते, आणि गार कोळसा उरलेला गॅस सोडत नाही. दाबाचा काटा शून्यावर येतो, तरी आत गॅस असतो. बाळंतिणीला शेक द्यायची रीत आमच्याकडेही आहे. माझ्या वेळी आईने बाजेखाली ओव्याची धुरी ठेवून मला घुसमटवून टाकलं होतं. तीच रीत हिने टाकीला लावली होती. कारण बरोबर, पण नळीला निखारा लागला असता तर तंबूच उरला नसता. मी तिला तसं सांगितलं, चांगल्या चढ्या आवाजात सांगितलं, आणि टाकी न्यायला आले आहे हेही सांगितलं.

जेठीबाई टाकीला पाठ लावून खाली बसली.

मग सगळं कळलं. सुरेखाला दमा. चुलीचा धूर लागला की श्वास अडकतो, तलासरीच्या दवाखान्यात डॉक्टरने धुरापासून लांब राहायला बजावलेलं. जेठीबाई पहाटे वाडीवर जाते ती संध्याकाळी येते. दिवसभर बाळाच्या आंघोळीचं पाणी, पेज, सगळं सुरेखाने एकटीने करायचं, आणि ते या टाकीवर होतं. सरकारी सिलिंडर एकदा आला होता. तो संपल्यापासून त्याच्यावर कोंबडी बसते. मुलगा रमेश हद्दीपलीकडे, गुजरातेत उंबरगावला प्लॅस्टिकच्या कारखान्यात. तिकडे त्याची भाड्याची खोली. भूकंप सुरू झाल्यापासून तो मागे लागलेला, बायको-पोरीला घेऊन जातो म्हणून.

‘मी म्हणली, सव्वा महिना राहू दे. पोरीला घरच्या देवापुढं घालू, नाव ठेवू, मग ने. तो म्हणला, रविवारी येतो, बघतो. सुरेखा धुराबिगर रांधते आणि बरी हाय असं दिसलं तर राहू देतो. नाय तर त्याच दिवशी नेतो.’

‘मग सव्वा महिन्यानं जातीलच ना,’ मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे.

‘जातील. तिकडं गेलेलं कोण परत येत नाय, म्याडम. माझी बहीण गेली, दीर गेला. पोर मला ओळखायला तरी लागू दे. आता तिला माझा वास कळतो फक्त.’

मी सुरेखाकडे बघितलं. ती पोरीच्या पाठीवर थोपटत म्हणाली, ‘मला पण राहायचंय. तिकडं खोलीला खिडकी नाय.’

टाकी न्यायची ती मी नेली, पण झाईला, भरून आणायला. रविवारी रमेश बघून गेला की पुण्याला नेईन असं ठरलं. सरांना फोनवर सांगितलं की चाचणी अपुरी आहे. ते म्हणाले, ‘जबाबदारी तुमची.’ म्हटलं, ‘हो, माझी.’

अच्छाड, शुक्रवार

सकाळी वाडीत टाकी भरायला लावली. भरताना ती उलट गरम होते, हात लावला तर तापातल्या पोरासारखी. ती निवते आहे तोवर मी निखाऱ्यांना पर्याय शोधत बसले आणि डोक्यात आली ती शेकायची रबरी पिशवी. आपण कंबर धरली की घेतो ती. तीत गरम पाणी भरून टाकीला बांधायची. पाणी त्याच गॅसवर तापवायचं. निखारा नको, धूर नको. मी स्वतःवरच खूश झाले.

पण ती पिशवी तलासरीत मिळेना. दोन दुकानं फिरले, शेवटी कुणी म्हणालं अच्छाडला बघा. अच्छाड म्हणजे हायवेवरचा नाका. ट्रकांची रांग क्षितिजापर्यंत, धूळ, टायरवाले, ढाबे, आणि हॉर्न असे की भूकंप झाला तरी कळू नये. खरंच कळला नाही. ढाब्यावर शेवभाजी खाताना वाटीतला रस्सा थरथरला, मी उठायला लागले, तर समोरचा ड्रायव्हर हसून म्हणाला, ‘बेन, बैठो, ट्रक गया.’ तो ट्रक होता की धक्का, देव जाणे.

नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात एकदाची पिशवी मिळाली. दुकानदाराने धूळ पुसत विचारलं, ‘कोणाला दुखतंय?’ म्हटलं, ‘टाकीला थंडी वाजते.’ त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी घाईघाईने दोन पिशव्या घेतल्या, एक टाकीला आणि एक सुरेखाच्या कंबरेला.

दुपारी पाड्यावर टाकी जोडली, पिशवी बांधली, वरून गोधडी. कळ फिरवली. निळा जाळ सुरेख आला, सरळ, न बोलणारा. सुरेखाने नागलीची पेज ढवळली आणि त्यात सुकट भाजून टाकली. आमच्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आणि माशाचं नाव काढलं तर सासू अंगावर येईल. इथे सुकट नसेल तर दूध येणार कुठून, असं म्हणतात. मलाही वाटीभर दिली. पोट बिघडेल या भीतीने घोट घोट घेतली आणि दुसरी वाटी मागितली. पोट बिघडलं नाही.

संध्याकाळी जेठीबाई वाडीवरून आली. पेटलेला जाळ बघून तिने आधी टाकीला हात लावून बघितलं, मग पोरीला. ‘दोघी उबदार हायत,’ म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. पुढचे दोन दात नव्हते. पोरीला मांडीवर घेऊन तिच्या कानात काहीतरी पुटपुटत राहिली. मी विचारलं, काय सांगताय? ‘नाव,’ ती म्हणाली. ‘अजून कुणाला सांगायचं नाय.’ मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं. सगळ्या प्रवासात तेवढीच एक संध्याकाळ म्हणायची.

झाई, शनिवार

शनिवारी सकाळी मी वाडीत खाटेवर चिकू सोलत बसले होते, आणि धक्का बसला. हा लहान नव्हता. पेले फडताळावरून खाली आले, गोठ्यातली गाय दावं ताणून हंबरली, कौलं खडखडली. मी चिकूसकट अंगणात. मोरेश्वरभाऊ देवाचं नाव घेत घुमटाकडे धावले. मी मागून पोचले तेव्हा ते गुडघ्यावर बसून होते. घुमटाच्या विटकामाला आडवी भेग गेली होती. बोटही शिरलं नसतं, पण जवळ गेलं की कुबट वास आणि अगदी बारीक सुस्कारा ऐकू येत होता. दुपारपर्यंत घुमटातला सगळा गॅस वाऱ्यावर गेला.

‘परत बांधायचा?’ मी विचारलं.

‘बांधू. पण जमीन थांबली की. आता बांधून काय उपयोग?’ ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला होता.

जेठीबाई पलीकडच्या ओळीत फळं वेचत होती. तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं की घुमट फुटला, आता टाकी परत भरता येणार नाही, आत आहे तेवढंच. सकाळी निघताना काटा शून्याच्या जवळ आलेला होता, असं तीच म्हणाली होती.

तिने टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, ‘मग आजपासून बंद. सुरेखाला सांगते, हात लावू नको. उद्या रमेश आल्यावर पेटवायची.’

‘आणि आज जेवण?’

‘शेजारणीकडं रांधून आणीन. एक दिवसाचं काय. उद्या त्याच्यासमोर एकदा पेटली पायजे. एकदा बघितलं की तो राहू देईल. पुढचं पुढं.’

‘पण त्यात फार नाही उरलेलं, जेठीबाई.’

‘हाय त्याच्यात. थंडी वाजते म्हणून येत नाय. पिशवी हाय ना तुमची.’

मी हो म्हटलं. रविवारी सकाळी टेंपो घेऊन येते, रमेशला मीही समजावून सांगते, असं म्हणाले. ती पुन्हा टोपली उचलून झाडाखाली वाकली.

पाडा, रविवार

पहाटे कडाक्याची थंडी पडली. टेंपोच्या काचा धुक्याने पांढऱ्या, त्यात टेंपो दोनदा बंद पडला. पाडा दिसायला लागला तेव्हा मला आधी धूर दिसला. खूप नव्हता, एक काळपट पट्टा तंबूच्या मागून वर चढत होता आणि मध्येच वाकून तंबूवरच येत होता.

मी उतरून धावले. तंबूच्या मागे तीन दगडांची चूल. ओली लाकडं. जेठीबाई उकिडवी बसून फुंकत होती, डोळे लाल. रबरी पिशवी तिच्या खांद्यावर.

‘जेठीबाई! धूर कशाला केलात?’

‘पाणी नको पिशवीला?’ ती न बघताच म्हणाली. ‘टाकी गारठली रात्रभर. कळ फिरवली, एक फुंकर नाय आली. तिला ऊब द्यायची तर पाणी गरम पायजे. पाणी गरम करायला जाळ पायजे, शेजारणीची चूल अजून पेटली नाय. रमेश आलाय, म्याडम, बसलाय पुढं. दोन मिनिटं म्हणली त्याला. लांब पेटवली होती मी, वारा फिरला...’

पुढून खोकल्याचा आवाज आला. नुसता खोकला नव्हे, त्याच्या शेवटी शिट्टीसारखा ओढलेला श्वास. सुरेखा बाजेवर दोन्ही हात टेकून पुढे वाकली होती, ओठ निळसर. रमेश तिच्या तोंडाशी औषधाचा पंप धरून होता. बाळ बाजेच्या टोकाला कपड्यात किंचाळत होतं. मी बाळाला उचललं. जेठीबाईने अर्धवट तापलेल्या पाण्याची कळशीच चुलीवर ओतली; फस्सकन आवाज झाला आणि आधीपेक्षा जास्त धूर उठला.

बऱ्याच वेळाने सुरेखाचा श्वास जागेवर आला. मी बोलत सुटले, रमेशला टाकीचं, कोळशाचं, घुमटाचं, आईने एक दिवस गॅस का राखून ठेवला त्याचं, सगळं सांगत सुटले. त्याने ऐकून घेतलं. चोवीस-पंचवीस वर्षांचा, कारखान्याचा निळा शर्ट घातलेला सभ्य मुलगा. तो म्हणाला, ‘म्याडम, तुम्ही सांगता ते बरोबर असंल. पण मी येऊन बसलो आणि हे बघितलं.’

मग आईकडे वळून म्हणाला, ‘आये, बस झालं. नेतो मी.’

‘सव्वा महिना...’ जेठीबाई म्हणाली.

‘तू पण चल.’

‘गाय कोण बघंल? घर?’

त्याने भेगाळलेल्या घराकडे बघितलं. त्याचंही चुकत नव्हतं, तिचंही नाही. मला कुणावर तरी चिडायचं होतं, आणि चिडायला कुणी मिळेना. वाटलं, ती पिशवी मी आणलीच नसती तर बरं झालं असतं. पण मग तिने निखारे ठेवले असते.

अच्छाडहून आणलेली रिक्षा रस्त्यावर थांबलेली होती. बांधाबांध करायला असं होतंच काय. दोन पिशव्या, बाळाची दुपटी, सुरेखाची रबरी पिशवी. जेठीबाईने पोरीला घेतलं, काजळाची तीट पुसून नवी लावली, आणि तंबूतल्या तंबूत घराकडे तोंड करून तिला जरा उंच धरलं. घरच्या देवापुढे घालायचं होतं ना. देव त्या पडक्या घरातच होता. मग तिच्या कानाशी ओठ नेऊन परत तेच पुटपुटली आणि सुरेखाच्या हातात दिली. सुरेखा वाकून पाया पडली, रडत होती. ‘फोन करते, आये,’ म्हणाली.

रिक्षा वळणाआड गेली तरी आवाज बराच वेळ येत होता. तो थांबल्यावर जेठीबाई रडली. पदर तोंडात कोंबून, उभ्याउभ्याच. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मलाही रडू आलं. दोघी तशाच उभ्या होतो, शेजारच्या तंबूतल्या बाया लांबून बघत होत्या.

मग ती आत गेली. उन्हं आता चांगली वर आली होती. टेंपोवाला टाकी उचलायला आला, तर तिने हाताने त्याला थांबवलं. शेजारणीकडून तापलेल्या पाण्याचं पातेलं आणलं, पिशवी भरली, बूच घट्ट लावलं आणि टाकीला बांधली. वरून गोधडी. पोराला थोपटावं तशी ती टाकीवर हात फिरवत बसली. मी म्हटलं, ‘राहू द्या आता, जेठीबाई.’ तिचा हात फिरतच राहिला.

बऱ्याच वेळाने तिने कळ फिरवली आणि काडी ओढली.

पेटली. बोटभर उंचीचा निळा जाळ, सरळ, धुराचा मागमूस नाही.

‘बघ,’ ती म्हणाली. मला पहिल्यांदाच अगंतुगं करत होती. ‘सांगत होते ना. हाय त्याच्यात.’

मी मान हलवली. तिने पातेलीत गार पाणी ओतलं आणि जाळावर ठेवलं. मला वाटलं, चहा करायचा असेल. पण चहा-साखर काही तिने काढलं नाही. आम्ही दोघी त्या जाळाकडे बघत बसलो. जाळ हळूहळू खाली येत गेला, मणी मणी झाला, आणि विझला. आता गॅस राखायचा तो कुणासाठी, म्हणून तिने कळही बंद केली नाही.

पातेली उतरवून तिने चोळीची बाही वर सारली आणि पाण्यात कोपर बुडवून बघितलं.

‘आता बरोबर हाय,’ ती म्हणाली.